रतनगड–हरिश्चंद्रगड रेंज ट्रेक: वाटेत पोट बिघडलं तर?

घाटवाट: डिसेंबरात बारा जणांना घेऊन रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड करतोय, तीन मुक्काम. पाणी टाक्यांचं आणि ओढ्यांचं. जुलाब-उलट्या टाळायला काय करावं, औषधांत काय ठेवावं, आणि कोणत्या लक्षणांवर ट्रेक सोडून खाली उतरायचं? नेमकं सांगा.

पाणवठा: आधी पाणी. फडक्याची चार पदरी घडी करून गाळा, गाळ बसू द्या, मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. जास्त वेळ लागतो तो 2000 मीटरच्या वर, आणि आपलं कळसूबाईसुद्धा 1646 मीटर आहे. क्लोरीनची गोळी वापरणार असाल तर पाकिटावर ती किती लिटरसाठी आहे ते बघा. घरगुती गोळ्या बऱ्याचदा 20 लिटरच्या असतात, त्यांचा अंदाजाने तुकडा मोडून बाटलीत टाकू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळणं. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. बाटलीचं झाकण किंचित सैल करून तेच पाणी आट्यांवरूनही वाहू द्या, तोंड तिथेच लागतं. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात लोक उतरतात, ते पिण्यासाठी घेऊ नका.

पण सगळा दोष पाण्याला देऊ नका. बारा जणांचा स्वयंपाक म्हणजे बारा जणांचे हात. शौचाला पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, वीतभर खड्डा करून जायचं आणि आल्यावर साबणानेच हात धुवायचे. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. रात्रीची उरलेली खिचडी सकाळी गरम करून वाढू नका. भात शिजला तरी त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू तग धरतात, कोमट भातात वाढून विष सोडतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवल्यावर एक ते सहा तासांत तिघाचौघांना एकदम उलट्या झाल्या तर संशय अन्नावर घ्या.

रानवैद्य (एमबीबीएस): मुख्य औषध ओआरएस. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची; पूर्ण पुडी, मोजून पाणी. अर्ध्या बाटलीत मोठी पुडी ओतली की द्रावण दाट होतं आणि जुलाब वाढतात. फळांच्या चवीची टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाला 200 ते 400 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने सुरू करा. माणशी चार मोठ्या पुड्या ठेवा.

लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) फक्त उतरताना अडचण होऊ नये एवढ्यापुरतं. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर अजिबात नाही, जंतू आतच अडकतात. अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका.

उतरायचं कधी? सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहताच चक्कर, पाणी पोटात ठरत नाही, रक्त पडतंय, किंवा सुस्ती येतेय: यातलं एकही पुरे. वेगळी दुखणी ओळखा. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, भूक मेलेली, खोकलं की कळ: अपेंडिक्स धरा. जुलाबाचं औषध, रेचक, शेक काहीही नको, खायला नको, थेट खाली.

घाटवाट: रात्री गुहेत झोपलेल्याला अचानक पोटात दुखायला लागलं तर तेही अपचनच समजायचं का?

रानवैद्य (एमबीबीएस): नाही, आणि हे सगळ्यांनी वाचा. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात कळा, उलट्या आणि दंशाची खूण दिसतच नाही, असं मण्यार हा विषारी साप चावल्यावर होतं. पापण्या जड होतात का, गिळता येतं का, बोलणं अडखळतं का ते बघत राहा, पण त्याची वाट बघत थांबू नका. 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, स्ट्रेचर करून उतरवा. प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं रुग्णालय लागतं.

पाणवठा: हरिश्चंद्रगडावरून असं उतरवायचं तर पाचनईची वाट, नळीच्या वाटेचा विचारही नको. मोबाइलची रेंज कुठे मिळते ते आधीच्या दिवशीच बघून ठेवा आणि गावातल्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवा.