स्कायरिम: सात हजार पायऱ्यांवरच्या ट्रोलचं काय करायचं? (मदत हवी आहे, तातडीने)

जुईचा_मांडव
स्कायरिम हा कॉम्प्युटरवरचा खेळ नऊ तास झाले खेळतेय. डोंगर चढताना बर्फातला तो तीन डोळ्यांचा पांढरा राक्षस दोन फटक्यांत मारतो. काल रात्री अकरा वेळा मेले. दर वेळी तीच वाट, तोच वारा, आणि वळणावर तो उभा. रविवारच्या आत मला वरच्या मठात पोचायचंय. जिथे बघावं तिथे 'लेव्हल वाढवा' एवढंच लिहिलंय, कशी वाढवायची ते कोणी धड सांगत नाही.
आणि दुसरं अगदी मनापासून विचारते: या खेळात लोक शेकडो तास कसे रमतात? स्क्रीनवरचा बाण दाखवेल तिकडे जायचं आणि मरायचं, मला एवढंच दिसतंय. पटकन सांगा कोणीतरी.

निळी_शाई
ताई, कुठली आवृत्ती? २०११ ची मूळ की २०१६ ची स्पेशल एडिशन? लेव्हल किती, वंश कोणता, हातात काय, डिफिकल्टी किती ठेवली आहे? हे कळल्याशिवाय सांगणार काय?

शून्यप्रहर
आधी मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते बघा. या खेळाच्या इंजिनात वस्तूंची हालचाल फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला, बांधलेली आहे. ६० च्या वर गेलं की टेबलावरची भांडी उडतात, सुरुवातीची कैद्यांची गाडी उड्या मारत उलटते. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ६० ची मर्यादा घाला. शिवाय स्काययूआय मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) टाका, मूळ मेन्यू माउसवर खेळणाऱ्यांसाठी केलेलाच नाही.

जुईचा_मांडव
गाडीचं मी काही विचारलंच नव्हतं, गाडी नीट चालली. लॅपटॉप आहे, आवृत्ती स्पेशल. लेव्हल ६, नॉर्ड बाई, लोखंडी तलवार आणि ढाल. डिफिकल्टी हलवलेली नाही. आता सांगा.

घाटमाथा
तलवार म्यान करा. ट्रोलची जखम आपोआप भरते, त्यामुळे दोन वार करून मागे सरकलात की तो पुन्हा ताजातवाना. आगीला मात्र तो कच्चा आहे. 'फ्लेम्स' हा मंत्र प्रत्येकाकडे पहिल्या दिवसापासून असतो, मॅजिकच्या यादीत बघा. दोन्ही हातांत घ्या आणि उताराकडे मागे सरकत सलग भाजत राहा.

उत्तररात्र
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्कायरिममधली तलवारबाजी म्हणजे हवेत काठी फिरवणं. त्यापेक्षा २०१५ चा विचर ३ हा खेळ घ्या. तिथे किरकोळ कामामागेही गोष्ट असते, माणसं लक्षात राहतात. मी दोन्ही पूर्ण खेळलोय. स्कायरिमचं जग रुंद आहे, खोल नाही.

निळी_शाई
ज्या खेळात अडकल्यात त्याचं उत्तर द्यायचं सोडून दुसराच खेळ घ्यायला सांगणं बरोबर नाही. आणि तुलनाच करायची तर, विचरमध्ये तुम्ही गेराल्ट हा ठरलेला नायक असता. त्याचा आवाज, त्याचा भूतकाळ, त्याची माणसं, सगळं आधीच ठरलेलं. स्कायरिममध्ये गाडीतून हात बांधून आणलेला एक अनोळखी जीव असतो आणि कारकून विचारतो, तू कोण? तिथे दहा वंशांतून चेहरा निवडायचा, पुढचं सगळं आपण ठरवायचं. पेशा निवडायचीसुद्धा सक्ती नाही. धनुष्य वापरलंत तर नेमबाजी वाढते, भट्टीवर बसलात तर लोहारकाम वाढतं, अशी १८ कौशल्यं आहेत. ताई, तुमच्या 'लेव्हल कशी वाढवायची'चं उत्तरही हेच. जे कराल ते वाढेल.

उत्तररात्र
गेराल्टला भूतकाळ आहे म्हणूनच त्याच्या निर्णयांना वजन येतं. स्कायरिममध्ये तुम्ही एकाच वेळी जादूच्या कॉलेजचे मुख्य जादूगार, चोरांचे म्होरके आणि मारेकऱ्यांचे पुढारी होऊ शकता, आणि गावात कोणाला त्याचं सोयरसुतक नसतं.

निळी_शाई
हा मुद्दा मान्य. तरी तुम्ही धागा भरकटवताय. ताई, एक राहिलंच. पश्चिमेच्या बुरुजापाशी ड्रॅगन मारून झालाय ना? मग यार्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, तुम्हाला लिडिया दिली असणार. ती कुठे आहे?

जुईचा_मांडव
कोण लिडिया?

निळी_शाई
व्हाइटरन शहरातल्या महालातली चिलखतातली बाई. तुमची अंगरक्षक आहे ती.

जुईचा_मांडव
ती! ती काहीतरी बोलायला लागली होती, मला वाटलं तिथलीच कोणी पहारेकरी. घाई होती म्हणून एस्केप दाबून निघाले. म्हणजे मी एकटीने यायचंच नव्हतं?

घाटमाथा
एकटीनेही येता येतं, पण मला वेगळंच विचारायचंय. व्हाइटरनहून पायथ्याच्या आयव्हरस्टेड गावात कशा आलात? वाटेत काय बघितलंत?

जुईचा_मांडव
बाणामागे पळत. नदीवरच्या पुलापाशी एक बाई २०० मोहरा मागायला लागली, तिला चुकवून पाण्यात उडी टाकली. आयव्हरस्टेडमध्ये थांबले नाही, सरळ पायऱ्या. थांबायचं होतं का?

घाटमाथा
हो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
मी दर हिवाळ्यात राजगडाला जातो. पाली दरवाज्याने गेलं की पायऱ्या चढून माणूस वर पोचतो. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने गेलं की शेवटच्या टप्प्यावर कातळाला हात टेकवावा लागतो, आणि मग गड लक्षात राहतो. गड तोच. बाणामागे पळणं म्हणजे माथ्यावर पोचून फोटो काढून परत फिरणं.
आयव्हरस्टेडच्या पुलापाशी क्लिमेक नावाचा एक माणूस असतो. मठातल्या म्हाताऱ्या साधूंना तो खारवलेलं मांस, सुके मासे असा शिधा पोचवतो, पण त्याचे पाय आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्याच्याशी बोलत बसलात तर तो पिशवी तुमच्याकडे देतो. मग तुम्ही चढता ते ती पिशवी घेऊन. तीच वाट, पण आता कोणासाठी तरी चाललेली. वाटेत दहा शिलालेख आहेत, एकासमोर एक बाई ध्यानाला बसलेली असते. दहाही वाचले तर एक दिवस रानातली जनावरं तुमच्यावर येत नाहीत आणि तुम्हाला बघून पळतही नाहीत. हरणाच्या शेजारून चालत जाता येतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धनुष्य खाली करून नुसता बघत राहिलो होतो.
गावाजवळ एक थडगं आहे, लोक म्हणतात तिथे भूत आहे. ते भूत म्हणजे खरं तर एक

खिडकीजवळ
थांबा, थांबा! सांगू नका! ताईंना स्वतः आत जाऊ द्या. मी तिथे दिवे लावून खेळले होते, कोणी आधी सांगितलं असतं तर सगळी मजा गेली असती.

घाटमाथा
चुकलं. पुढे लिहीत नाही.

शून्यप्रहर
राजगडाला रविवारी जाऊ नका, चोर दरवाज्यापाशी रांग लागते. आणि ताई, एफ५ दाबून सेव्ह करत चला, मेल्यावर अख्खा डोंगर पुन्हा चढावा लागणार नाही.

खिडकीजवळ
मला विचाराल तर रात्र व्हायची वाट बघा. टी दाबून वेळ पुढे ढकला आणि व्हाइटरनच्या माळावर या. आकाशात हिरवा उजेड हलत असतो, जेरेमी सोलचं संगीत अगदी हलकं, आणि कोणी काही मागत नाही. माझ्या बाबांच्या आजारपणात मी रोज रात्री वीस मिनिटं तिथे चालायचे. लढाई एकही नाही. मला तेवढं पुरायचं.
रविवारी काय आहे पण?

जुईचा_मांडव
आधी सांगायला हवं होतं. लेक जुलैमध्ये शिकायला जर्मनीला गेली. जुना लॅपटॉप माझ्याकडे राहिला, त्यात हा खेळ होता. बारावीनंतरच्या सुट्टीत ती तासन्‌तास याच्यासमोर बसायची आणि मी दारातून ओरडायचे, जेवायला ये. एकदा ती म्हणाली होती, आई, इथे ये, वरून बघ किती सुंदर दिसतंय. मी कुकर लावला होता, गेले नाही. ते 'वर' म्हणजे हा मठ, हे परवा चित्र बघून कळलं. रविवारी तिचा फोन येतो. तेव्हा मी वर उभी असायला हवं, एवढंच.
आज व्हाइटरनला परत जाते. लिडियाला घेते.

उत्तररात्र
ताई, विचरचं मागे घेतो. तुम्ही हाच खेळ खेळा. लिडियाला बरं चिलखत द्या, ती सामान उचलते.

जुईचा_मांडव (शनिवार)
अजून वर पोचले नाही. पिशवी घेतली. तीन शिलालेख वाचले, तिसऱ्यापाशी बर्फाचं वादळ आलं म्हणून खाली उतरून सराईत झोपले. थडग्यातही गेले. खिडकीजवळ, तुम्ही त्यांना थांबवलंत त्याबद्दल आभार, मी किंचाळले होते. ट्रोल उद्या सकाळी. लेव्हल ९.
आता नवीन अडचण. थडग्यातल्या अरुंद बोळात लिडिया माझ्या पुढ्यात उभी आहे आणि हलत नाही. बाहेर कशी पडू?

निळी_शाई
अंगाला भिडून पुढे चालत राहा, सरकेल. 'फुस' ही धक्का देणारी आरोळी मात्र तिच्यावर नका म्हणू.