आठवड्याचे चार तास आणि संस्थेचं तंत्रप्रमुखपद

पानगळ
'सेवाभावी संस्थांना पूर्णवेळ तंत्रप्रमुख परवडत नाही, आठवड्याला चार तास देणारा अनुभवी माणूस पुरतो,' असा लेख परवा इथे आला. त्याखाली प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका वाढला की वेगळा धागा काढते आहे.

तीन वर्षं मी हेच काम केलं. चार तास पुरतात की नाही, हा मुद्दाच नाही. त्या माणसाला काय ठरवता येतं, याबद्दल लेखात चकार शब्द नाही. मला पद दिलं होतं, पण खर्चाचा अधिकार नव्हता आणि विश्वस्तांच्या बैठकीत जागाही नव्हती. बॅकअप नुसता घेऊ नका, एकदा परत उतरवून बघा, म्हणून पाच महिने मागे लागले. दर वेळी 'पुढच्या बैठकीत घेऊ'. त्याच काळात एका विश्वस्तांनी ओळखीतल्या माणसाकडून देणगीदारांसाठी सॉफ्टवेअर घेऊन टाकलं. मला कळलं ते बिल आल्यावर. त्यातून देणगीदारांची यादी बाहेर काढायची सोयच नव्हती!

हे किती महागात पडतं? २०२२ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ५,१५,०००हून जास्त लोकांची माहिती गेली. त्यात बेपत्ता आणि घरच्यांपासून ताटातूट झालेली माणसं होती. एक पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, लावायचा राहिला होता.

जुना खांब
ताई, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे पूर्णवेळ तंत्रज्ञ होते, तरी पॅच राहिला.

आणि अधिकार मागण्याआधी लहान संस्थेची अवस्था बघा. सहा कर्मचारी, सगळे फिल्डवर. मी नऊ वर्षं एका संस्थेला शनिवारची सकाळ देतोय. मी गेलो तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो मॉनिटरवर चिकटवलेला. आज प्रत्येकाचं खातं वेगळं आहे आणि दुहेरी पडताळणी सुरू आहे. कोणत्याही बैठकीत न बसता केलं हे. करायचं त्याला करता येतं.

पानगळ
पूर्णवेळ माणूस हवा, असं मी कुठे म्हटलंय? पुन्हा वाचा. पॅचसाठी सिस्टिम दोन तास बंद ठेवायची, तर 'आज बंद' असं सांगायचा अधिकार कुणाला तरी हवा. तुमचं विश्वस्तांनी ऐकलं हे तुमचं नशीब. सगळ्यांना ते मिळत नाही.

हिशेबवही
मी संस्थेत लेखा विभाग बघते, म्हणजे तुम्ही सगळे निघून गेल्यावर उरते ती मी. सहा वर्षांत तीन अर्धवेळ तंत्रप्रमुख पाहिले. पहिल्यांनी मुक्तस्रोत प्रणाली आणली. दुसऱ्यांना ती जुनाट वाटली, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचे फुकटचे परवाने आणले. तिसरे म्हणाले, तुमच्या आकाराला साधी स्प्रेडशीट पुरे. तेच देणगीदार मी तीनदा टंकले. पावत्यांचे क्रमांक जुळेनात, तेव्हा ऑडिटच्या आदल्या रात्री अकरापर्यंत मी एकटी बसले होते. तिघांपैकी एकानेही जाताना एक पानभर लिहून ठेवलं नाही.

जुना खांब
लिहून ठेवायला हवं होतं, मान्य. पण फुकटच्या परवान्यांना नावं ठेवू नका, लहान संस्था त्यावरच चालतात.

कंदील
चालतात, देणारा देतो तोवर. मायक्रोसॉफ्टने संस्थांना फुकट मिळणारे बिझनेस प्रीमियम या ऑफिस-ईमेल सॉफ्टवेअरचे १० परवाने २०२५ मध्ये बंद केलेच ना.

जरा अवांतर, पण माझं खरं दुखणं डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचं आहे. आमचं डोमेन एका स्वयंसेवकाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो नोकरी बदलून गेला, तो पत्ता बंद झाला आणि नूतनीकरणाच्या सूचना हवेत गेल्या. देणगी मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ गायब. सगळ्यांचे ईमेलही त्याच डोमेनवर, म्हणजे मदत मागायलासुद्धा पत्ता उरला नाही. डॉट ऑर्ग डोमेन रद्द झाल्यावर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, म्हणून वाचलो. तेही दंड भरून.

जुना खांब
म्हणजे स्वयंसेवक चोर? पदरचे पैसे घालून स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतो माणूस. संस्थेकडे कार्डच नसतं! वर त्यालाच बोल लावायचा?

कंदील
चोर कोण म्हणालं? तुम्ही शब्द तोंडात घालताय. चांगल्या हेतूनेच घेतलं त्याने, तरी संस्थेचं नाव त्याच्या इनबॉक्सला बांधलं गेलं. उद्या तो आजारी पडला तर?

हिशेबवही
कार्ड नसतं हे कारण नको. पैसे संस्था नंतर देऊ शकते. खातं संस्थेच्या पत्त्यावर हवं, तो पत्ता दोघांना उघडता यायला हवा आणि नूतनीकरणाची तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये हवी. विमा, भाडेकरार, सगळ्याच्या तारखा मीच बघते. डोमेनची मला कुणी सांगितलीच नव्हती.

पानगळ
धागा डोमेनकडे वळला, पण वळू दे. मी म्हणते तो अधिकार हाच. हे पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे आणि सूचना कुणाला जायच्या, हे बैठकीत ठरतं. बाहेर बसलेला सल्लागार ते ठरवू शकत नाही. खांबदादा, तुमच्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?

जुना खांब
माझ्या. नऊ वर्षांपासून. कार्डही माझंच.

तुमचं सगळं पटलंय असं समजू नका. बैठकीत बसल्याने कामं होतात यावर माझा अजून विश्वास नाही. पण हे असं राहायला नको. या शनिवारी खातं संस्थेच्या पत्त्यावर नेतो. हिशेबवही, त्या एका पानावर काय काय हवं, ते इथेच लिहा.

हिशेबवही
डोमेन, ईमेल, बॅकअप, देणगीचं खातं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: कुणाच्या नावावर, मुदत कधीपर्यंत, तुम्ही नसाल तेव्हा फोन कुणाला करायचा. आणि ते छापून द्या. कपाटात ठेवते.