राजदूत ३५० ची इग्निशन कॉइल स्वस्तात कुठे मिळेल? (ठाणे)

कोपरीकर_३५०:
नमस्कार मंडळी. बाबांची १९८५ ची राजदूत ३५० दोन वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, गेल्या महिन्यात बाहेर काढली. थंड असताना एक नंबर चालते, पण घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये वीस-पंचवीस मिनिटं अडकलो की डावा सिलिंडर बंद, मग एका पायावर लंगडत घरी. अर्धा तास थांबलं की परत नीट. मेकॅनिक म्हणतो कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली, दोन्ही बदला. ओरिजिनल जोडीचा भाव ऐकून गाडी परत ताडपत्रीखाली घालावीशी वाटली. एकजण म्हणाला आरएक्स १०० ची कॉइल लाव, ती कुठेही मिळते. लावू का? बाबांना अजून बोललो नाहीये, त्यांना वाटतंय मी कार्बोरेटर साफ करतोय.

वाशीचा_टूस्ट्रोक:
आरएक्सची अजिबात लावू नकोस रे!! ती सीडीआयची (इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) गाडी, तुझी पॉइंटची, म्हणजे उघडमिट होणाऱ्या संपर्काने ठिणगी पाडणारी. सीडीआयच्या कॉइलची प्रायमरी (आतलं जाड तारेचं वेटोळं) एकदम कमी ओहमची असते, पॉइंटवर लावलीस तर करंट भरमसाठ ओढेल आणि पॉइंट जळतील. तुझ्या कॉइलची प्रायमरी साधारण ४ ओहम, म्हणजे १२ व्होल्टला ३ अँपियर, एवढंच त्या पॉइंटना झेपतं. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांची पण नको, तोच प्रॉब्लेम.

कळव्याचे_काका:
अरे पण कॉइलच गेलीय कशावरून? मेकॅनिकला काय, बदला म्हणायला पैसे पडत नाहीत. तुझ्याकडे दोन सिलिंडर आणि दोन कॉइल आहेत, गाडीच तुला उत्तर देईल. टाकीखाली पॉइंटकडून येणारी केशरी वायर डाव्याची, करडी उजव्याची. त्या दोन्ही कॉइलवर अदलाबदल कर आणि प्लगच्या केबल पण कॅपसकट (प्लगवर बसणारी टोपी) अदलाबदल कर. नुसत्या वायर बदलल्यास तर ठिणगी भलत्या वेळी पडेल आणि किक मारून मारून पाय सुजेल (माझा सुजला होता, १९९४ ला). मग तीच गायमुखची चक्कर मार. उजवा बंद पडला तर कॉइल किंवा कॅप. डावाच पडला तर कॉइलला दोष नाही, आधी डाव्या बाजूचा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) बदल, पॉइंटवर निळसर ठिणगी उडताना दिसली की बहुतेक तोच असतो, आणि तो कॉइलपेक्षा खूप स्वस्त.
आणि एक सांग, हॉर्न-लाइट चेक करताना इंजिन बंद आणि चावी चालू असं कधी ठेवलंयस का? पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून सतत करंट जातो, भाजून निघते बिचारी.

कोपरीकर_३५०:
काका... बॅटरी नवीन घातली त्या दिवशी चावी चालू ठेवून चहा प्यायला वर गेलो होतो. 🙈
बरं अदलाबदल केली. काल गायमुखपर्यंत गेलो, उजवा बंद पडला. म्हणजे कॉइलच ना?

वाशीचा_टूस्ट्रोक:
थांब, कॅप राहिली. स्क्रूसारखी फिरवून काढ आणि मीटर लाव, रेझिस्टरवाली असेल तर ५ हजार ओहमच्या आसपास यायला हवं. केबलचं टोक काळं पडलं असेल तर जरासं कापून परत बसव. कॉइल मात्र गरम असतानाच मोज, थंड असताना सगळ्या कॉइल शहाण्यासारख्या वागतात.

कोपरीकर_३५०:
कॅप ठीक आहे. कॉइल थंड असताना बरोबर दाखवते, पण बंद पडल्या पडल्या रस्त्याच्या कडेला मोजली तर केबलच्या बाजूला मीटर काहीच दाखवत नाही. दुसरी कॉइल गरम असताना पण नीट. एकच गेलीय म्हणजे!

कळव्याचे_काका:
मग एकच घे, दोन कशाला. १२ व्होल्टच्या जुन्या पॉइंटवाल्या बुलेटची कॉइल बघ, स्पेअरच्या दुकानात मिळते. ओरिजिनलच हवी असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टवाल्यांकडे चक्कर टाक, नाहीतर रविवारी पुण्याचा जुना बाजार. काहीही घेतलंस तरी मीटर खिशात घेऊन जा आणि दुकानातच मोज, प्रायमरी ३.५ ते ४.५ ओहममध्ये असेल तरच पैसे दे. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जे येतं ते वजा करायचं, नाहीतर फसशील.

कोपरीकर_३५०:
बुलेटची मिळाली, ३.९ आली. पण ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत, टाकीखाली सध्या पट्टीने बांधून ठेवलीय. काल घोडबंदरला फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन आलो, दोन्ही सिलिंडर चालू. बाबा खाली आले, आवाज ऐकला आणि म्हणाले कार्बोरेटर मस्त साफ झालाय. ब्रॅकेट कळव्यात कोण बनवून देईल, काका?