मदत हवी आहे: मुलीच्या नावाचं खोटं अकाउंट बंद कसं करायचं?

सेलूचा_बाप:
लवकर सांगा. तीनदा रिपोर्ट केलं, काहीच होईना. लेकरू गुरुवारपासून शाळेत जाईना. सकाळी दप्तर भरून उंबऱ्यापाशी ठेवते, अन् रिक्षाचा हॉर्न वाजला की पोट दुखतंय म्हणून आत जाऊन झोपते. अकाउंट बंद कसं होईल तेवढंच सांगा.

लातूरकर:
कोणत्या ॲपवर? मुलगी कितवीला? तिच्या नावानं नवं अकाउंट काढलंय का तिच्याच अकाउंटात कुणी घुसलंय? दोन्हीचे उपाय वेगळे.

जुने_गुरुजी:
आधी मोबाईल काढून घ्या. पुतण्याला लातूरला क्लासला ठेवलं तेव्हा बटणांचा फोन दिला होता. दोन वर्षं काही त्रास नाही.

सेलूचा_बाप:
इन्स्टाग्राम. आठवी. तिच्याजवळ मोबाईलच नाही गुरुजी, आईचा वापरते. गॅदरिंगला नऊवारी नेसून नाचली, तो फोटो लावून खाली घाण घाण लिहायलेत. वर्गातलीच पोरं आहेत.

बीडवाला:
सरळ आयटी कायद्याचं कलम ६६ए लावा त्यांच्यावर.

लातूरकर:
ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. कलम शोधत बसू नका, काय घडलं ते तारखेनिशी लिहा.

बीडवाला:
मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

लातूरकर:
तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथं टाका.

जिंतूरच्या_बाई:
पोलिसांआधी शाळा. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेकरांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्यापुढं विषय ठेवा म्हणून अर्जातच लिहा. करणारी पोरंही तेरा-चौदा वर्षांचीच असणार, त्यांनाही कुणीतरी वेळेवर धरलं पाहिजे.

नांदेड_६५:
बाई, शाळा दाबून टाकते. आमच्याकडं असंच झालं तेव्हा तुकडी बदलली ती मुलीची. पोरं तिथंच राहिली.

जिंतूरच्या_बाई:
म्हणूनच लेखी म्हणते. तोंडी सांगितलेलं पुढं कुणालाच आठवत नाही.

सेलूचा_बाप:
मुख्याध्यापकांना तोंडीच सांगितलं होतं. लेकरं आहेत, चालायचंच, म्हणाले. अन् स्क्रीनशॉट नाहीत. मीच तिला सगळं पुसायला लावलं, तिच्या डोळ्यासमोर नको म्हणून.

लातूरकर:
अहो, तोच पुरावा होता. अकाउंट बंद झालं की उरलेलंही जाईल. आधी अकाउंटचं नाव, लिंक, तारीख, वेळ लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा. रिपोर्ट करताना काय निवडलं होतं?

सेलूचा_बाप:
स्पॅम.

लातूरकर:
तिथंच चुकलं. कुणीतरी दुसऱ्याचं सोंग घेतलंय, हा पर्याय निवडा. हेल्प सेंटरमध्ये त्याचा फॉर्म आहे, स्वतःचं अकाउंट नसलं तरी भरता येतो. पालक म्हणून तुम्ही भरा, मुलीचं ओळखपत्र जवळ ठेवा.

जुने_गुरुजी:
रात्री दहाला वायफाय आपोआप बंद करता येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये वेळ टाकायची.

नांदेड_६५:
गुरुजी, त्यांच्या घरात फोनच एक आहे.

अंबाजोगाईची_आई:
भाऊ, लेकीला विचारलं का तिला काय पाहिजे? माझ्या मुलीच्या वेळी मी नुसती अकाउंटच्या मागं लागले होते. ती महिनाभर डबा जिन्यात एकटी बसून खायची, मला पत्ताच नाही. आज रात्री तिच्याजवळ बसा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर लेकरू स्वतःही बोलू शकतं. अन् ‘नाचलीस म्हणून झालं’ हे घरात कुणालाच म्हणू देऊ नका.

सेलूचा_बाप:
ताई, तिची आजी कालच तसं बोलली. मी गप्प बसलो. चुकलंच माझं.

सेलूचा_बाप:
तिच्या मैत्रिणीच्या आईला फोन लावला. त्यांच्याकडं सगळे स्क्रीनशॉट आहेत, तारखेसकट. फॉर्म भरला. अर्ज लिहिलाय, उद्या अकराला शाळेत जायलो. लेक म्हणायली, मी पण येते, पण वर्गात नाही बसणार. नेऊ का तिला?

जिंतूरच्या_बाई:
न्या. बोलायचं मात्र तुम्ही. तिला सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावू नका.