'मार्केट पोझिशनिंग'साठी मराठी शब्द : रुग्णसेवेच्या संदर्भात

विचारणा : रुग्णालय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणे तयार करताना 'मार्केट पोझिशनिंग'ला, म्हणजे आपली सेवा इतरांहून वेगळी म्हणून लोकांच्या मनात ठसवण्याला, मी 'बाजारपेठीय स्थाननिश्चिती' असा प्रतिशब्द योजला आहे. तो योग्य वाटतो का?

उत्तर : 'स्थाननिश्चिती' हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला, तरी तो वाचताच डोळ्यांपुढे नकाशा येतो आणि दवाखाना पेठेत काढावा की एसटी स्थानकाजवळ, याचीच ही चर्चा असावी, असे वाटू लागते. जॅक ट्राउट आणि अल राइस या अमेरिकी विपणनतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात 'पोझिशनिंग' ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांना अभिप्रेत असलेली जागा जमिनीवरची नव्हती, ग्राहकाच्या मनातली होती. म्हणून मी 'सेवेची ओळख ठरवणे' असे म्हणेन. 'प्रतिमा' हा शब्द मला पोकळ वाटतो, आणि 'नावलौकिक' तर काम करून दाखवल्यानंतरच मिळतो. 'ओळख'च्या बाबतीत क्रियापदानेच फरक स्पष्ट होतो : ओळख ठरवणे हा आपला निर्णय, ओळख होणे हे त्याचे फळ.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण टिपणांत जरूर घ्यावे. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. सर्व रोगांवर उपचार करण्याऐवजी केवळ डोळे, त्यातही प्रामुख्याने मोतीबिंदू, आणि पैसे नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही, अशी त्यांनी ठरवलेली ओळख होती. ऐपत असलेल्यांनी भरलेल्या शुल्कातून इतरांच्या शस्त्रक्रियांचा खर्च भागत असे, त्यामुळे ही ओळख केवळ पाटीवरची राहिली नाही.

आपल्याकडे 'हातगुण' हा फार सुंदर शब्द आहे. 'त्यांच्या हाताला गुण आहे' एवढ्या एका वाक्यावर गावेच्या गावे एखाद्या डॉक्टरकडे जात आली आहेत. मात्र हातगुण व्यक्तीचा असतो. डॉक्टर दुसरीकडे गेले की तोही त्यांच्याबरोबर जातो. संस्थेची ओळख मागे उरावी लागते, म्हणून हा शब्द येथे चालणार नाही, याचे वाईट वाटते.

पुरवणी विचारणा : मग 'बाजारपेठ' आणि 'ग्राहक' हे शब्द ठेवावेत का?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, म्हणून कायद्याच्या प्रकरणात 'ग्राहक' ठेवावा, अन्यत्र 'रुग्ण'च लिहावे, कारण केसपेपर हातात धरून बाकावर ताटकळणारा माणूस खरेदीला आलेला नसतो. 'बाजारपेठीय' हे विशेषण तर गाळलेच तरी अर्थाची हानी होत नाही. आणखी एक : 'जाहिरात' हा शब्द पर्याय म्हणून वापरू नये, कारण वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनी डॉक्टरांना जाहिरातीद्वारे रुग्ण मिळवण्यास मनाई केलेली आहे, ओळख ठरवण्यास नाही.