ती रेड वाइन थंडच द्यायची असते
जर्सी सिटीतल्या आपल्या कोपऱ्यावर उघडलेल्या इटालियन वाइन बारबद्दल 'रेड वाइन थंडगार आणून दिली आणि पदार्थ जेमतेम दोन घास' अशी तक्रार वर आली आहे. शुक्रवारी मीही तिथे जाऊन आले. ती वाइन लांब्रुस्को. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताची ही फसफसणारी लाल वाइन थंडच देतात. तिकडच्याच मोर्तादेल्लाबरोबर (डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज) घेऊन बघा, जिभेवरचा तुपकटपणा एका घोटात जातो.

दोन घासांचं म्हणाल तर ते चिकेत्ती, म्हणजे वाइनबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ. व्हेनिसच्या बाकारोंमध्ये, म्हणजे छोट्या वाइन बारमध्ये, लोक उभ्याउभ्या एक-दोन खातात, वाइनचा लहान पेला घेतात (त्याला 'ओंब्रा' म्हणतात, म्हणजे सावली!) आणि पुढे सरकतात. इथला बाक्काला मान्तेकातो मला फारच आवडला. सुकवलेला कॉड भिजवून, शिजवून, ऑलिव्ह तेलाची धार सोडत लोण्यासारखा होईपर्यंत घोटलेला. खाली भाजलेल्या पोलेंटाची (शिजवलेल्या मक्याच्या पिठाची) वडी, कडा मस्त कुरकुरीत. सुक्या मासळीवर वाढलेल्यांनी तर चुकवूच नये.

पोटभर जेवायचं असेल तर दुसरीकडे जा. इथे सातच्या आत पोचा, काउंटरपाशी जागा मिळते आणि बाक्काला संपलेला नसतो.