शिमग्याच्या होळीसाठी फुललेली सावर तोडावी का? गावकीत विषय कसा मांडावा?

सहाणकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात आहे आणि आमचा शिमगा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. त्या दिवशी होळीचे झाड तोडून, खांद्यावर घेऊन, ढोलताशांच्या गजरात आणि फाका (शिमग्यातल्या आरोळ्या) घालत सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, आणले जाते. ते उभे राहिल्यावर ग्रामदेवतेची पालखी घरोघरी निघते. यंदा ज्या वाडीकडे झाडाची पाळी आहे, त्या वाडीने देवराईच्या कडेची एक जुनी सावर (काटेसावर) हेरून ठेवली आहे. ती सध्या पूर्ण फुललेली आहे, पहाटेपासून तिच्यावर पाखरांची झुंबड असते आणि खोडात वरच्या अंगाला एक मोठी ढोलीही दिसते.

मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो आणि सणापुरता गावी जातो. त्यामुळे मी तोंड उघडले की ‘चाकरमान्याने आम्हाला शिकवू नये’ असे उत्तर मिळणार, हे मला ठाऊक आहे. मला प्रथा मोडायची नाही, पण झाड बदलता आले तर हवे आहे. होळीला कोणते झाड लागते याविषयी खरोखर काही नियम आहे का, आणि हा विषय मानकऱ्यांपुढे कसा काढावा?

भेरली माड

सगळ्या कोकणाला लागू पडेल असा एकच नियम नाही. आमच्या सिंधुदुर्गात कुठे आंबा, कुठे भेरली माड म्हणजेच सुरमाड, कुठे पोफळ, तर कुठे सावर अशी होळी असते आणि शेजारच्या दोन गावांतही झाड वेगळे असू शकते. ज्या गावात देवाच्या नावाने एकच जात ठरलेली आहे, तिथे ती बदलणे अवघड जाते. पण तुमच्याकडे दरवर्षी वाडी आपल्या सोयीने झाड हेरत असेल, तर बदल करायला भरपूर जागा आहे. मागच्या काही वर्षांत कोणकोणती झाडे आली, हे आधी एखाद्या वयस्कर मानकऱ्याला विचारून घ्या. सावर ही परंपरा आहे की यंदाची सोय, हे त्यावरून उघड होईल.

मांडणीविषयी माझे मत असे की ‘झाडे वाचवा’ या भाषेत बोलूच नये. झाडावर घाव घालण्यापूर्वी आपण नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो आणि परवानगी मागतो, म्हणजे त्या झाडाचे आणि त्याच्या आश्रयाला असलेल्यांचे आपण काही देणे लागतो, हे रूढीनेच मान्य केलेले आहे. ढोलीत पिल्ले असतील तर या झाडाऐवजी दुसरे चालेल का, असा कौल गुरवाकडून देवाला लावून घ्या. उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळाला की तुमच्या चाकरमानी असण्याचा मुद्दाच उरत नाही. मात्र हे सगळे झाड ठरवण्याच्या बैठकीत व्हायला हवे. कुऱ्हाडी घेऊन माणसे निघाल्यावर कोणी ऐकत नाही, आणि त्यांनी का ऐकावे, असेही मला वाटते.

रानपिंगळा

ढोलीचा उल्लेख वाचून लिहीत आहे, कारण या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सावर पानगळीनंतर, साधारण जानेवारी ते मार्च या काळात फुलते आणि शिमगा नेमका त्याच दिवसांत येतो. रान कोरडे पडू लागलेले असताना तिच्या मांसल लाल फुलांत मध मिळतो, म्हणून मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट दिवसभर तिथे असतात, रात्री वटवाघळे येतात आणि खाली पडलेली फुले भेकर खाते. तिचे लाकूड मऊ असल्याने तांबट आणि सुतार तिच्यात सहज घरटे कोरतात.

मोठी ढोली असेल तर मात्र धनेशाची (हॉर्नबिल पक्ष्याची) शक्यता धरूनच चालावे. तुमच्या तालुक्यात महाधनेश आणि कवड्या धनेश हे दोन्ही आढळतात. या पक्ष्यांना स्वतःची ढोली कोरता येत नाही, जुन्या मोठ्या झाडांतील तयार पोकळीच लागते. मादी आत शिरून विष्ठा, माती आणि फळांचा लगदा यांनी तोंड लिंपून घेते, फक्त एक अरुंद फट ठेवते, आणि त्यानंतर कित्येक आठवडे नर त्या फटीतून वड, पिंपळ, उंबर यांची फळे भरवतो. हा काळ उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे शिमग्याला मादी आत कोंडलेली असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा झाड पडले तर ती आणि पिल्ले दोन्ही जातात, आणि आसपास नुसती गर्दी, गोंगाट झाला तरी बुजलेला नर भरवायला येईनासा होण्याचा धोका असतो.

खात्री करण्यासाठी झाडावर चढू नका. दूर, आडोशाला बसून सकाळी एक मोठा पक्षी पुन्हा पुन्हा त्याच ढोलीशी येतो का, एवढे पाहा. ढोलीखाली बियांचा आणि विष्ठेचा खच दिसला तरी पुरे. दिसले तर वनरक्षकाला कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. अर्थात बैठकीत कायदा पहिल्याच वाक्यात काढलात तर पुढचे कोणी ऐकणार नाही.

कातळसडा

वरील दोघांचे पटते, तरीही एक आक्षेप नोंदवतो. वर्षाला गावागणिक एक झाड जाते म्हणून कोकणातील रान संपलेले नाही. खासगी मालकीची जंगले ठेकेदाराला उभीच्या उभी विकली जातात, काजू-आंब्याच्या बागांसाठी डोंगर उघडे केले जातात, फाल्गुन-चैत्रात सड्यावर (कातळाच्या पठारावर) वणवे लावले जातात, आणि देवळाचा जीर्णोद्धार करताना सिमेंटच्या सभामंडपासाठी देवराईचीच झाडे जातात. त्या वेळी गप्प राहणारे लोक शिमग्याला मात्र कळवळतात, हे गावकऱ्यांना दिसते आणि त्यांचा राग तिथून येतो. दक्षिण राजस्थानात उदयपूरच्या बाजूला होळीसाठी प्रामुख्याने सावरच तोडली जात असल्याने तिथे चिंता व्यक्त झाली आहे, पण ती एकाच जातीवर दरवर्षी पडणाऱ्या भाराची गोष्ट आहे. आपल्याकडे गावोगाव झाडे वेगळी असतात.

भेरली माड

@कातळसडा, आक्षेप रास्त आहे, पण तो सहाणकरांच्या विरोधात जात नाही. देवराईच्या कडेचे झाड वाचवायला माणसे तयार झाली, तर सभामंडपाच्या वेळी बोलायलाही तीच माणसे उभी राहतील. सहाणकर, एक व्यवहाराची गोष्ट सांगायची राहिली. पर्यायी झाड आधी हेरून, त्याच्या मालकाची संमती घेऊनच बैठकीला जा. वठू लागलेली पोफळ किंवा वादळात कललेले झाड मिळाले तर उत्तम. आंबा सुचवलात तर तो वृक्षतोड नियमन अधिनियम 1964 च्या यादीत असल्याने परवानगी लागेल, हे ध्यानात ठेवा. आणि पाळी असलेल्या वाडीचा मान तसाच राहील, पहिला घाव त्यांचाच असेल, हे तुमच्या तोंडून आधी येऊ द्या.